एका फाईलीत चार बिऱ्हाडं

खरं तर शिवशरण हे लिहिणारच नव्हता. दोनदा फाईल उघडली, चार ओळी झाल्या, पुसल्या. यातलं निम्मं पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतलं, ते कुणाला कळणार नाही. आणि निम्मं घरातलं, ते सगळ्यांना कळेल. शेवटी त्यानं एक युक्ती काढली. 'मी' काढून टाकला आणि स्वतःला 'शिवशरण' म्हणायला लागला. लाज निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्या लाजेत हे टाईप केलंय, तेव्हा मधेच कुठं धावल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

दोन हजार एक साल. समाजाचा वधू-वर मेळावा तीन आठवड्यांवर आला होता, आणि शिवशरणच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, जेवता जेवता जाहीर केलं होतं, "ह्यो शेवटचा. ह्याच्यापुढं मी नटून कुणाफुडं बसणार न्हाय."

आईनं, म्हणजे अव्वानं, आमटीची वाटी उगाच इकडची तिकडं केली.

आक्काचा हा पाचवा मेळावा. वय एकतीस, शिक्षण डी.एड., रंग सावळा आणि नाव सौंदर्या. नावाचा पश्चात्ताप अव्वाला पहिल्याच मेळाव्यात झाला होता, पण शाळेच्या दाखल्यावर चढलेलं नाव काढता येत नाही. मेळाव्यात अर्जांचे गठ्ठे घेऊन टेबलाला चार बायका बसायच्या. शिवशरणनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बाई आक्काचा अर्ज वाचायची, फोटो बघायची, मान वर करून आक्काकडं गोड हसायची, आणि अर्ज हळूच गठ्ठ्याच्या तळाला सरकवायची. चार वर्षं तो अर्ज तळाला जात होता. त्या बायका वाईट नव्हत्या. सरकवताना त्यांना वाईट वाटायचं, ते दिसायचं. त्यामुळं तर जास्तच राग यायचा.

शिवशरणला पर्ल येत होतं. येत होतं म्हणजे, रद्दीत मिळालेल्या एका पुस्तकातून जेवढं येईल तेवढं. त्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं नव्हती. कुणीतरी त्यात भेळ खाल्ली असणार. त्या चाळीस पानांत काय होतं ते पुढं कळलंच.

"कॉम्प्युटरला तळ नसतो," तो घरात म्हणाला. "सगळे अर्ज सारखेच. प्रोग्रॅम प्रत्येक मुलीला पाच स्थळं काढून देईल. गुपचूप पाकिटात. कुणी हसायचं न्हाय, कुणी सरकवायचं न्हाय."

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. तिचा विश्वास बसला नव्हता, पण तिनं कपाळावरचे केस मागं सारले. एखाद्या गोष्टीची थोडीशी आशा धरली की ती असं करते. शिवशरणला ते दिसायला नको होतं.

मेळाव्याचे अध्यक्ष रुद्राप्पाअण्णा. गुळाची अडत, मूळ गडहिंग्लजकडचे, त्यामुळं बोलण्यात कानडी, धाकट्यांना 'तम्मा' म्हणायचे.

"एन् तम्मा, तुझं मशीन मामाकूळ, आईकडचं कूळ, बघतंय काय?"

"बघतंय अण्णा."

"आनि आडनाव एक आलं तर?"

"बाजूला काढतंय."

"जेवायला कोण किती येणार ते?"

"ते न्हाय सांगत."

"मग अर्धंच मशीन की," अण्णा म्हणाले, पण परवानगी दिली. फक्त एक अट घातली. याद्या छापल्या की लगेच पाकिटं चिकटवायची, आधी कुणी वाचायच्या नाहीत. गुप्तता. ही अट शिवशरणला फार आवडली होती, हे नमूद करून ठेवायला पाहिजे.

प्रोग्रॅम त्यानं कृष्णातच्या दुकानात लिहिला. कृष्णात त्याचा शाळेपासूनचा मित्र, साउंड सर्व्हिसवाला. उचगावात कुठलंही लग्न किंवा बारसं कृष्णातच्या कर्ण्याशिवाय होत नाही. गाण्यांच्या सीड्या करायला त्यानं एक असेंबल कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर शिवशरणनं पर्ल चढवलं. चार मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे चार तुकडे, झाली, चार वेगळ्या फाईलींत. एकात वधू, एकात वर, एकात जुळणी, एकात छपाई. चौघं आपापल्या घरी सुखात होती. चाललं असतं की असंच.

पण खरं काम समाजाच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरवर व्हायचं होतं. तिथले इन्चार्ज गणपतराव. त्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मॉनिटरवर भरतकामाचा रुमाल, सीपीयूवर खंडेनवमीचं कुंकू तसंच. आदल्या वर्षी कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला होता आणि तेव्हापासून गणपतरावांनी भिंतीवर पाटी लावली होती. 'एक अर्ज, एक फ्लॉपी, एक फाईल. फक्त मंगळवारी.'

शिवशरणनं फ्लॉपी पुढं केली.

"किती फाईली?"

"चार, सर."

"मग चार मंगळवार."

"सर, मेळावा तिसऱ्या रविवारी हाय."

"मग तीन फाईली बसतील. चौथी सोडा."

"चौथी छपाईची हाय. ती सोडली तर कागदच यायचा न्हाय."

"कागद वाचंल की संस्थेचा," गणपतराव म्हणाले. ते विनोद करत नव्हते. "पावणं, नियम मी केला न्हाय." नियम त्यांनीच केला होता. पाटीखाली सही होती.

तेव्हा ती चारही मॉड्यूल, पर्लच्या भाषेत पॅकेजं, एका फाईलीत कोंबायचं ठरलं. पर्लला ते चालतं, पुस्तकात पान एकशे बाराला एका ओळीत लिहिलं होतं. वर 'पॅकेज वधू' लिहायचं, तिचं सामान टाकायचं, खाली 'पॅकेज वर', त्याचं सामान, असं.

चिकटवलं. चालवलं. पर्ल म्हणालं, वर सापडत नाही.

"सापडत न्हाय कसा? त्याच फाईलीत बसलाय की खाली!" शिवशरण ओरडला.

कृष्णात मागं वायरी गुंडाळत होता. "काय झालं रं?"

झालं असं होतं की जुळणीच्या वर अजून 'यूज वर' अशी ओळ राहिली होती. आणि 'यूज' म्हटलं की पर्ल वराला घरात बघतच नाही. त्या नावाची वेगळी फाईल शोधायला गावभर जातं. नवरा माजघरात पाटावर बसलाय आणि पावणे त्याला हुडकायला एसटी करून नेसरीला गेलेत, तसा प्रकार. हे कळायला दोन दिवस गेले. ओळ काढली, वराला सरळ नावानं हाक मारली, आला.

मग पर्ल म्हणालं, फाईलीनं खरं उत्तर दिलं नाही.

हे तर अपमानास्पदच होतं. मॉड्यूलच्या फाईलीला शेवटी एक खरी किंमत द्यावी लागते. साधी रीत म्हणजे शेवटच्या ओळीत नुसता एक लिहायचा, एक आणि अर्धविराम. चिकटवाचिकटवीत तो एक कुठंतरी उडाला होता.

"नुसता एक?" कृष्णातनं विचारलं. "कशाला?"

"सगळं ठीक हाय म्हणून सांगायला. शून्य आला तर पर्ल ती फाईल घेतच न्हाय. एवढी मोठी फाईल, सगळं बरोबर, पन शेवटी शून्य, की परत."

"लय माणसासारखं हाय की हे," कृष्णात म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

मग चाचणी. आक्काची नोंद होतीच, अर्ज क्रमांक एकसष्ट. वर कुणीतरी हवा होता. कृष्णात उठून खुर्चीत बसला आणि म्हणाला, माझं घाल. त्यानं स्वतःच भरलं. नाव कृष्णात केरबा पाटील. शिक्षण: दहावी, दोनदा. व्यवसाय: साउंड, जनरेटर, स्टेज लाइट. मामाकूळ: हाय की. आहार: तांबडा-पांढरा.

"आमच्या समाजाचा मेळावा हाय, लका. शाकाहारी."

"चाचणीच हाय न्हवं?"

शेवटचा रकाना, अपेक्षा. त्यात त्यानं काहीच लिहिलं नाही.

"काय तरी लिही की. वय, रंग, शिक्षण."

"ऱ्हाऊ दे मोकळं. पोरीनं व्हय म्हटलं तर बास. आपुन काय अपेक्षा करायची?"

प्रोग्रॅम चालला. पण चालण्याआधी त्यानं पडद्यावर इंग्रजीत तीन इशारे दिले. एकाच घरात त्याच नावाचं 'माय' पुन्हा लिहिलंयस, पहिलं झाकलं जाईल. पर्लमध्ये 'माय' म्हणजे माझं. प्रत्येक पॅकेजनं वर लिहिलं होतं, 'माझी पाटी'. त्या पाटीवर ज्यानं त्यानं हातातली नोंद लिहायची. चार फाईलींत चार पाट्या. आता एका फाईलीत चौघांचीही पाटी त्याच नावाची. शिवशरणनं दुर्लक्ष केलं. इशारेच होते, चूक नव्हती. प्रोग्रॅम बरोबर चालत होता. खरोखर बरोबर चालत होता.

घरी आला तर शेजारच्या धोंडुबाई अव्वाबरोबर शेंगा फोडत बसल्या होत्या. धोंडुबाईंना जगातल्या कुठल्याही विषयावर मत असतं.

"चार बिऱ्हाडं एका घरात घातलीस म्हणं? आनि चौघांची सामानं निराळी?"

"व्हय मावशी."

"कशाला रं? आमच्यात चार जावा होतो, पाटा एक, उखळ एक. निराळं केलं की भांडनं. एक ठेव, बाकीची काढून टाक."

"मावशी, ते पर्ल हाय."

"पर्ल असू दे न्हायतर पाटा असू दे," धोंडुबाई म्हणाल्या.

तिसऱ्या मंगळवारी शिवशरण चपला काढून गणपतरावांच्या खोलीत शिरला. फाईल एक. अर्ज एक. प्रोग्रॅम सुरू झाला आणि पडद्यावर तीन इशारे उमटले. गणपतराव दोन पावलं मागं सरकले.

"हे काय? व्हायरस?"

"न्हाय सर, नुसते इशारे हायत. सावध राहा म्हणतंय."

"सावध राहा म्हणणारा प्रोग्रॅम मी चालू देणार न्हाय."

"सर, पण..."

"दहा मिनटात लाईट जाणार. ते घालवा न्हायतर फ्लॉपी घेऊन जावा."

दहा मिनिटं. डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती पुस्तकातली नव्हती. एक ठेव, बाकीची काढून टाक. खालच्या तिन्ही पॅकेजांतलं 'माय' त्यानं खोडलं. आता सगळ्या घरात पाटी एकच. इशारे गेले. चाचणी चालवली. एक वधू, एक वर; वधूला वर मिळाला. अगदी बरोबर. एकच वधू आणि एकच वर असला की कुठलाही प्रोग्रॅम बरोबरच ठरतो, आणि कुठल्याही विवाह मंडळाचा अध्यक्षही, हे त्या वेळी लक्षात यायला पाहिजे होतं.

"हे कृष्णात पाटील कोण?" गणपतरावांनी रजिस्टर उघडत विचारलं.

"चाचणीचं हाय सर, काढायचंय."

"नोंद झाली. पडद्यावर आलं म्हणजे नोंद झाली. रजिस्टरला चढलेलं काढायचं तर कमिटीचा ठराव लागतो." त्यांनी मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि क्रमांक दिला नऊशे नव्व्याण्णव, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहील, कुणाला आडवा येणार नाही.

बाकीचे अर्ज टायपिंगच्या वर्गातल्या मुलींनी भरले. एकशे त्रेचाळीस वधू, एकशे अठरा वर, आणि तळाला नऊशे नव्व्याण्णव. शनिवारी दुपारी प्रिंटर कर्कश ओरडत चालला. गणपतराव एकेक कागद उलटाच उचलत होते, गुप्ततेसाठी, आणि पाकिटात घालून खळ लावत होते. शिवशरणनंही बघितलं नाही. कागद उलटे धरताना त्याला आपण फार मोठ्या नैतिक उंचीवर उभे आहोत असं वाटत होतं.

रविवार. मंगल कार्यालय भरलेलं. आक्कानं हिरवी साडी नेसली होती, केस मागं सारून घट्ट बांधले होते. पाकिटं वाटली. हॉलभर कागद फाटल्याचा आवाज.

मग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून स्टेजवर गेले आणि रुद्राप्पाअण्णांच्या कानात काहीतरी म्हणाले. अण्णांनी माईक घेतला.

"उचगावचे कृष्णात केरबा पाटील यांनी स्टेजजवळ यावं."

कृष्णात स्टेजजवळच होता. कर्णे त्याचेच होते. तो खाली वाकून वायर जोडत होता, त्याला वाटलं आवाज घुमतोय म्हणून बोलावताहेत. त्यानं आवाज वाढवला.

दुसरे गृहस्थ उठले. मग तिसरे. मग रांगच लागली. एकशे त्रेचाळीस पाकिटं, प्रत्येकात पाच स्थळं, आणि पाचही ओळींत एकच नाव. वरांची यादी वाचताना पाटीवर शेवटी जे नाव राहिलं, तेच जुळणीनं घेतलं, तेच छपाईनं छापलं. चौघांची पाटी एक. वेगवेगळ्या खोल्या आहेत असं शिवशरण समजत होता, पण पॅकेज म्हणजे नुसतं दारावरचं नाव, भिंत नव्हेच. भिंत घालायची तर महिरपी कंस लागतो. ते बहुतेक त्या चाळीस पानांत होतं.

"पोरगा लई नावाजलेला दिसतोय," मागं एक म्हातारं म्हणालं. "सगळ्यांनाच सांगून आलाय."

"आहार वाचला काय?" शेजारच्या बाई म्हणाल्या. "तांबडा-पांढरा म्हणजे साडी काय?"

"मटणाचा रस्सा, काकू."

"शिव शिव!"

माईक चालूच होता आणि आवाज वाढवलेला होता. अण्णांनी शिवशरणला जे कानात सांगायचं ठरवलं ते सगळ्या कार्यालयानं ऐकलं. "तम्मा, तुझं मशीन आमची चेष्टा करतंय व्हय? घे तुझी पाकिटं. आना रं कागदी अर्ज. चौघी जनी टेबलाला बसा."

चार बायका टेबलाला बसल्या. गठ्ठे निघाले. शिवशरण हॉलच्या दाराशी उभा होता, आणि तिथून त्यानं ते पाचव्यांदा बघितलं. बाईनं अर्ज वाचला. फोटो बघितला. मान वर करून गोड हसली. अर्ज खाली गेला.

आक्का जेवायला न थांबता निघाली. बसस्टॉपपर्यंत तो तिच्या मागं चालत गेला. तिथं ती थांबली. हातात अजून ते पाकीट होतं.

"कृष्णात पाचदा आलाय," ती म्हणाली, आणि हसली. मग हसू गेलं. "चूक दुरुस्त व्हतीया काय?"

"व्हतीया. नुसते कंस घालायचे."

"मग माझा खरा कागद आन. काय असंल ते."

मंगळवार नव्हता, सोमवार होता. गणपतरावांनी शिवशरणकडं बघितलं आणि भिंतीवरच्या पाटीकडं बघितलं नाही. "चपला काढा," एवढंच म्हणाले, आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. कृष्णात त्याला एम-एटी गाडीवरून घेऊन आला होता. तो दाराशी अनवाणी उभा राहिला.

शिवशरणनं प्रत्येक पॅकेजभोवती महिरपी कंस घातला. प्रत्येकाला त्याची पाटी परत दिली. चालवलं. एकही इशारा नाही. याद्या आल्या. छान याद्या होत्या. एकीला चार इंजिनियर, दुसरीला निपाणीचा डॉक्टर, मामाकूळ वगैरे सगळं बघून. प्रोग्रॅम चांगला लिहिला होता, हे कुठंतरी कुणीतरी म्हणायला पाहिजे म्हणून इथं म्हणून घेतो.

मग क्रमांक एकसष्ट.

एकशे अठरा वरांनी अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं होतं, सव्वीसच्या आत. पंचवीसच्या आत. गोरी. उजळ. गोरी, सव्वीसच्या आत. कॉम्प्युटरला खरंच तळ नव्हता. त्यानं आक्काचा अर्ज कुठं सरकवला नाही. एकशे अठरा वेळा नीट वाचला आणि एकशे अठरा वेळा बाजूला ठेवला. त्या बाईसारखं हसलाही नाही.

कागदावर एकच ओळ होती.

"किती आलं?" दारातून कृष्णात म्हणाला.

"एक."

"कोन?"

शिवशरणनं कागद वळवून धरला. कृष्णातनं वाचलं. तो हसेल असं वाटलं होतं.

"माझंच कसं?"

"तू अपेक्षेत काय लिहिलं न्हाईस."

कृष्णातनं ती ओळ परत वाचली. "आनि मला काढलं तर?"

"काढायलाच लागंल. कमिटीनं काल ठराव केलाय, नऊशे नव्व्याण्णव रद्द."

"काढलं तर किती ते सांग."

शिवशरणनं कागदावरची ती एक ओळ अंगठ्यानं झाकली. गणपतराव रजिस्टर उघडून कुठलं तरी कोरं पान वाचत होते.

"बघ," कृष्णात म्हणाला, "ती मला राखी बांधती. त्यामुळं लगीनबिगीन न्हाय, ते तुला बी ठावं हाय, तिला बी ठावं हाय. ती कागद बघंल, हसंल, मला चार शिव्या घालंल. पन शून्याचा कागद घरात न्यायचा न्हाय. तूच म्हणालतास न्हवं, शेवटी एक लागतोय, न्हायतर ती फाईल कोन घेतच न्हाय?"

"म्हणालतो."

"मग कमिटीच्या रजिस्टरात काय बी खोडू दे. तुझ्या फाईलीतनं मला काढू नको. शब्द दे."

शिवशरणनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि फ्लॉपी बाहेर काढली.

"न्हाय काढत," तो म्हणाला. "तिला दुसरा एक येईपर्यंत तरी न्हाय. शब्द देतो."